शालूच्या बाजूचा वायपर

चिपळूणात जुनी गाडी घेणारा माणूस आधी वायपर बघतो आणि मग इंजिन. आमच्याकडे चार महिने आभाळ फाटलेलं असतं. माझी उभी नोकरी बस डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून गेली आणि त्यातले सगळे पावसाळे वायपरच्या मोटरी उघडण्यात गेले. असा हा माणूस निवृत्त झाल्यावर हौसेने मराठवाड्यात जातो, तिथून जुनी लँडमास्टर विकत घेतो आणि एकाच वायपरची गाडी घेऊन परत येतो, हे ऐकून आमच्या आळीतले लोक अजून हसतात. हसू देत. ते तिकडे गेलेले नाहीत. त्यांच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

लँडमास्टर म्हणजे अ‍ॅम्बॅसेडरची थोरली बहीण. गोल बोनेट, फुगीर पाठ, आणि बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं. तरुणपणी एकदा बसलो होतो, तेव्हापासून ती डोक्यातून गेली नव्हती. माझा मेहुणा विनायक नोकरीसाठी नांदेडला गेला आणि बोलण्यासकट तिकडचाच झाला. त्याने कळवलं की उदगीरला एका अडत व्यापाऱ्याकडे अशी गाडी आहे, म्हातारबाबा ती विकायला तयार आहेत आणि बोलणं पक्कं करून ठेवलं आहे. मे महिना सरत आला होता. कुंभार्ली घाटात पाऊस उभा राहायच्या आत गाडी घरी आणू, असा हिशोब करून मी आणि माझी बायको शालू निघालो.

नांदेड

विनायक विष्णुपुरीला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या जवळ राहतो. रात्रभराच्या प्रवासाने पाय धुळीने माखले होते. शालूने कोकणातल्या सवयीप्रमाणे दारातल्या बादलीतून तांब्यावर तांब्या पायांवर ओतला. विनायक धावत आला आणि त्याने बादलीच उचलून आत नेली. "ताई, ते प्यायचं पाणी हाय!" शालू इतकी ओशाळली की दिवसभर तिने पाणी मागितलं नाही.

संध्याकाळी त्याने मला अंघोळीला घंगाळात बसवलं. "दाजी, बाहेर थेंब सांडू नका. हे पाणी नंतर लिंबाच्या झाडाला घालायचं हाय." सासुरवाडीत जावयाला घंगाळात बसून अंघोळ करायला लावल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. पण उठून खाली पाहिलं तर माझ्याच अंगावरचं ते गढूळ पाणी मला मोलाचं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोदावरीचं पात्र पाहिलं. पाणी पार मधोमध गेलेलं, आणि काठाला चिखल वाळून त्याच्या खपल्या उलटलेल्या. अर्धापूरच्या बाजूला केळीच्या बागा आहेत. त्यांची पानं दांड्याशी मोडून लोंबत होती. विनायक म्हणाला, "चांगला पाऊस झाला, कालव्याला पाणी सुटलं, की केळीची पेटी पाठवतो. आत्ता खाण्यासारखं काय न्हाई."

जेवणात मात्र त्याने काही कमी केलं नाही. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, चिमूटभर टाकलं तरी साध्या पाण्याची आमटी होते. भाताशिवाय जेवण म्हणजे उपास असं मानणारी शालू भाकरी मोडून तिसऱ्यांदा आमटीत बुडवायला लागली, तेव्हा मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पुढचा प्रवास गप्पगप्प झाला असता.

उदगीर

गाडीचे मालक मन्मथअप्पा यांचं घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. पांढरं धोतर, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्माचे पट्टे. वय सत्तरीच्या पुढे, पण पाठ ताठ. "शरणार्थ, पावणं. या, बसा. आधी पाणी घ्या," असं म्हणून त्यांनी स्वतः तांब्या पुढे केला. शालूने आता एक घोट घेऊन तांब्या जपून खाली ठेवला. नांदेडचा धडा तिच्या लक्षात होता.

गाडी मागच्या शेडमध्ये होती. वरची गोधडी काढली आणि माझं मन हरखलं. रंग उडालेला, पण पत्रा कुठे कुजलेला नाही. कोकणात एवढ्या वयाच्या गाडीचं गंजून पीठ झालं असतं. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. मी आनंदाने काचेसमोर आलो आणि तिथे थबकलो. काचेखाली जिथे वायपरचे दोन दांडे वर आलेले असतात, तिथे दोन भोकं होती. भोकांना चिंध्यांचे बोळे मारलेले होते.

"अप्पा, वायपर?"

"काढून ठिवलेत."

"कुठे?"

"घरात हायत. चालू हायत." अप्पा जरा अडखळले. "पावसाळा कुठं ऱ्हायलाय इकडं, पावणं? तीन सालं झाली, काचेवर थेंब न्हाई. उगं उन्हात रबर वाळून चाललं होतं."

मला राग आला, हे कबूल करतो. आमच्या पावसात वायपर नसलेली गाडी म्हणजे डोळे नसलेला ड्रायव्हर. विनायकने हे का नाही सांगितलं, असं मनात म्हणत मी त्यांच्यामागून घरात गेलो.

आतल्या खोलीत अंधार होता. दुपारची वीज गेलेली. बाजेवर एक म्हातारी बाई पडलेली होती. तिच्या डोक्यावर भिंतीला एक फळी ठोकली होती आणि फळीवर माझ्या लँडमास्टरची वायपरची मोटर, तिची नळी, दोन्ही दांडे, दोन्ही हात, असा सगळा संसार नीट मांडलेला होता. वायपरच्या पात्यांच्या जागी शिंदीच्या पानांचे दोन हातपंखे बांधलेले. बाजेखाली गाडीची जुनी बॅटरी. पंखे एका तालात डावीकडे जात होते, उजवीकडे येत होते, आणि दर फेरीला एक पंखा भिंतीवर आपटून 'टक' असा आवाज करत होता.

"ही आमची मंडळी," अप्पा म्हणाले. त्यांच्या बायकोला घरात सगळे अव्वा म्हणत. "पडल्यापासून अर्धं अंग गेलंय. माळवदाखाली दुपारचं लई उकडतं. लाईट न्हाई. मी वारा घालायचो, सून घालायची. पण ही बया अशी, आपल्याला वारा घालणाऱ्याचा हात दुखंल म्हणून झोपल्याचं सोंग करायची. आम्ही हात थांबवला की डोळे उघडून घामानं निथळत पडायची. मग म्हटलं, ज्याचा हात दुखत न्हाई असं काहीतरी पायजे."

अव्वांनी डोळे माझ्याकडे वळवले. बोलणं जरा जड होतं, पण कळत होतं. "गाडी न्यायला आलात? बरं झालं. तिला फिरवा. लई बसून ऱ्हायलीय."

"या गाडीतनं हिला सगळीकडं फिरवली," अप्पा म्हणाले. "आता ही बसत न्हाई, तर मी एकटा कामून फिरू?" आणि खाली वाकून ते बॅटरीची वायर सोडवायला लागले. "वायपर तुमचा माल हाय. गाडीसंगट दिलेलं मागं ठिवू नये."

पंखे थांबले. खोलीतली हवा क्षणात जड झाली. मी चटकन म्हणालो, "राहू द्या हो, घाई नाही. लातूरला भंगारात दुसरी मोटर बघतो. ती इथे लावू आणि ही गाडीला."

शालूने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की लग्नाला इतकी वर्षं झाल्यावरही मी जरा लाजलो.

लातूर

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि शहराला ते अजून अंगावर घेतलेल्या नव्या कपड्यासारखं होतं. कचेऱ्यांवर ताज्या रंगाच्या पाट्या, काही ठिकाणी जुन्या पाटीवरच 'जिल्हा' हा शब्द मावेल तसा वर कोंबलेला. लोक कागद हातात घेऊन नव्या कचेऱ्या विचारत फिरत होते आणि ज्यांना विचारत होते, तेही नवेच होते. चहावाला म्हणाला, "उस्मानाबादला चकरा मारायची कटकट मिटली बघा. जिल्हा आला, सायब आले, पाणी तेवढं मागच्या गाडीनं यायचं ऱ्हायलं." आणि अर्धा कप चहा पुढे ठेवला. कप धुवायला पाणी नव्हतं, म्हणून तो पेपरच्या कागदाने पुसत होता. मी तसाच प्यालो. चहा फक्कड होता.

भंगार बाजारात मी जिथे जिथे वायपर विचारला, तिथे तिथे लोकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. एका दाढीवाल्या चाचांनी तर मला बसवूनच घेतलं. "वायपर का क्या करते साब? यां बारिश कू देखके जमाना हुआ."

"मी कोकणातला आहे, चाचा."

"अच्छा!" त्यांचा चेहरा बदलला. "वां तो पडतीच रैती ना? छप्पर पे आवाज आती क्या? रात को नींद आती उसमें?" त्यांनी मला पावसाबद्दल इतके प्रश्न विचारले की मी दर्याबद्दल सांगणारा खलाशी झालो. पत्र्यावरचा आवाज सांगितला, भिंतींना येणारी बुरशी सांगितली, चार-चार दिवस न वाळणारे कपडे सांगितले. कपड्यांचं ऐकून ते हसले. "सूखते नै? क्या बात है!" आमच्या घरी ज्यावरून रोज भांडणं होतात, त्याचं या माणसाला कौतुक वाटत होतं.

शेवटी त्यांनी ढिगाखालून ट्रकच्या वायपरची एक मोटर काढली. आतच गिअर असलेली, थेट काचेखाली बसवायची, एका हाताची. सोबत हात आणि पातंही होतं. मी तिथेच बॅटरीला लावून पाहिली. रेड्यासारखी ताकद, आणि आवाजही तसाच.

पुन्हा उदगीर

इथे थोडं कामाचं सांगतो. वायपरचा हात दांड्यावर बारीक दात्यांनी बसलेला असतो. पुष्कळ लोक स्क्रूड्रायव्हर घालून तो उचकटतात आणि दाते घालवतात. बुडाचा चाप उचलून, अंगठ्याने दाब देत, हात सरळ वर ओढायचा, म्हणजे तो न कुरकुरता येतो. आणि परत लावताना मुख्य गोष्ट अशी, की आधी मोटर रिकामी चालवून तिच्या विसाव्याच्या जागेवर आणून थांबवायची आणि मगच हात चढवायचा. तसं केलं नाही तर हाताची फेरी सरकते आणि तो एका बाजूला काचेच्या बाहेर जाऊन आपटतो. अप्पांनी नेमकी तीच चूक केली होती. म्हणून तो पंखा भिंतीवर टकटक करत होता.

मी फळी उतरवली, तिथे दुसऱ्या फळीवर ट्रकची मोटर बसवली, मोठा पंखा बांधला आणि बटण दाबलं. घर्र करून पंखा सुरू झाला. वारा दुप्पट. फळी थरथरत होती, पण वारा असा की कोपऱ्यातल्या देवापुढची फुलं हलली. अप्पा खूश झाले. अव्वांनी डोळे मिटले. "लई चांगलं हाय," त्या म्हणाल्या. थोड्याच वेळात त्यांचा श्वास संथ झाला. मी हत्यारं गोळा केली. माझी मोटर मला मिळाली होती आणि त्यांना वारा. सगळ्यांचं भलं झालं, असं समजून मी बाहेर चहाला बसलो.

त्यांची सून महादेवी चहा ठेवून तिथेच उभी राहिली. "काका, एक सांगू का? राग येऊ देऊ नका."

"सांग की."

"अव्वा झोपल्या न्हाईत. ते सोंग हाय. खऱ्या झोपल्या की त्यांचं तोंड उघडं पडतं. तुम्ही एवढं लातूरहून आणलं, म्हणून डोळे मिटून पडल्यात."

मी दारातून आत पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, आणि पापण्यांखाली डोळे हलत होते. त्या घरघरीत कोण झोपणार? आम्ही आळीत गिरणी आली तेव्हा तक्रार केली होती. ही बाई मात्र परक्या माणसाचं मन मोडू नये म्हणून अर्ध्या अंगाने सोंग करत पडली होती. शालूने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "काय बसलात? उठा."

मी ट्रकची मोटर काढली आणि जुनी फळी पुन्हा चढवली. पण माझा हात चाळीस वर्षांचा शिकलेला. मी मोटर आधी विसाव्याला आणली, दोन्ही हात नेमके चढवले आणि सुरू केलं. काय सुंदर चालली! दोन्ही पंखे भिंतीला न लागता मऊ जाऊन येत होते. कुठे टक नाही, की खट नाही.

अव्वांनी डोळे उघडले. "बंद पडलं?"

"नाही, अव्वा. चालू आहे."

त्या वर पाहत राहिल्या. पंखे हलताना दिसत होते, वारा चेहऱ्यावर येत होता. तरी डोळे मिटले की पुन्हा उघडायच्या. "बंद पडलं का बघा की," त्या अप्पांना म्हणाल्या.

अप्पा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "आवाज येईना, पावणं. त्या टक वरच तिला झोप लागती. टक झालं की तिला वाटतं, कुणीतरी हाय."

मी चाप उचलला, डावा हात वर ओढला, दोन दाते सरकवून मुद्दाम चुकीचा बसवला. नोकरीत असं काम कुणी केलं असतं तर मी त्याला दिवसभर ओरडलो असतो. बटण दाबलं. पंखा गेला, आला आणि भिंतीवर आपटला. टक. पुन्हा टक. आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो. हळूहळू अव्वांची हनुवटी सैल पडली, तोंड उघडलं आणि बारीक घोरणं सुरू झालं. महादेवी तोंडावर पदर धरून हसली.

उरली ती ट्रकची मोटर. ती मी माझ्या लँडमास्टरला बसवली, ड्रायव्हरच्या बाजूच्या भोकात, जरा पत्रा मारून. दुसऱ्या भोकात चिंधीचा बोळा तसाच राहू दिला. जुन्या गाड्यांचे शौकीन हे वाचून हळहळतील. मीही हळहळलो, पण मोटर मागायला जीभ उचलली नाही.

आता चाचणी. कोरड्या काचेवर वायपर फिरवायचा नसतो, धुळीने काच खरवडते. मी घुटमळलो. या घरात काचेवर ओतायला पाणी कसं मागू? महादेवीने ओळखलं. ती तांब्याभर डाळ धुतलेलं पाणी घेऊन आली. काचेखाली बोनेटवर तिने एक परात धरायला लावली, एका बाजूने शालू, एका बाजूने ती. मी वायपर सुरू केला, अप्पांनी धार सोडली. पांढुरकं पाणी काचेवर पसरलं, वायपरने ते ढकललं, ते परातीत पडलं. शेजारपाजारचे लोक जमले होते. एक म्हातारा म्हणाला, "अप्पा, पावसाची आठवण करून दिलीत की." परातीतलं पाणी दारातल्या गायीने एका दमात पिऊन टाकलं. चार थेंब बोनेटवर राहिले होते, ते अप्पांनी बोटाने निपटून परातीत टाकले.

निघताना त्यांनी माझे हात धरले. "मोटर तुमची अमानत हाय. हिला तिची गरज लागंना झाली, की त्याच दिवशी एस्टीत पार्सल टाकतो."

मी म्हणालो, "काही घाई नाही, अप्पा. मुळीच घाई नाही." गाडी वळेपर्यंत मला आतून ती टकटक ऐकू येत होती, निदान तसं वाटत होतं.

घरी

कुंभार्ली घाटात पावसाने गाठलंच. माझ्या बाजूची काच लख्ख होत होती आणि शालूच्या बाजूने नुसतं पाणी ओघळत होतं. तिला ना दरी दिसत होती, ना रस्ता. एरवी घाटात ती मला दर वळणाला सूचना करते. त्या दिवशी ती गप्प होती. पोफळी आलं तेव्हा म्हणाली, "माझ्या बाजूचा वायपर उदगीरला चालू आहे."

तेव्हापासून आमच्या घरात हे असंच चालू आहे. गॅरेजवाल्याने दोनदा सांगितलं, दुसरी ट्रकची मोटर टाकून देतो. शालू नको म्हणते. पावसात गाडीत बसली की ती आधी आपल्या बाजूच्या आंधळ्या काचेकडे बघते आणि मग पदर सावरून बसते.

यंदाच्या आषाढात डेपोतून निरोप आला की नांदेडच्या बाजूने एक पार्सल आलंय, जड आहे, घेऊन जा. आम्ही दोघं गाडी घेऊन गेलो. धो धो पाऊस होता. उदगीरही त्याच बाजूला आहे, हे दोघांनाही माहीत होतं. लाकडी खोका होता, सुतळीने बांधलेला. पाठवणाऱ्याचं नाव पाण्याने फुटलेलं. तो मी मागच्या सीटवर ठेवला, पण सुतळी सोडायला हात होईना. मग शालूनेच ती दाताने तोडली.

आत पेंढा होता आणि पेंढ्यात केळी होती. अर्धापूरची, लांबट, पिवळी होत आलेली. विनायकने शब्द पाळला होता. तिकडे कालव्याला पाणी सुटलं होतं.

शालू पुढच्या सीटवर येऊन बसली. आधी हसली, मग रडली, मग एक केळं सोलून अर्धं मला दिलं. मी वायपर सुरू केला. माझ्या समोरचा रस्ता दिसायला लागला.

"चला," ती म्हणाली. तिच्या समोर नुसतं पाणी होतं, आणि ती त्याच्याकडे बघत निवांत केळं खात होती.